सांजेला रुसणारं ग्रिल

ललिता गांगुर्डे सातपूरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये एकवीस वर्षं हीटरचे रॉड बनवत होती, आणि त्या एकवीस वर्षांत आपला एकही रॉड कामावर असताना तिने पाहिला नव्हता.

काम तसं नाजूक. नायक्रोमची बारीक तार मोजून वेढे देत गुंडाळायची, ती पेन्सिलीएवढ्या स्टीलच्या नळीत मधोमध उभी धरायची, भोवती पांढरी पावडर ठोकून ठोकून भरायची, तोंड बंद करायचं. मग चाचणीच्या बाकावर करंट देऊन बघायचं. रॉड लाल झाला की पास. पास झालेले रॉड खोक्यात, खोकी टेम्पोत, आणि टेम्पो गेला की ललिताच्या हातात परत तार. कुणी सांगे प्लास्टिकच्या साच्यात बसतात, कुणी सांगे वेफर्सची पाकिटं चिकटवायच्या मशीनमध्ये. टेम्पोवाल्याला ती दर वेळी विचारायची की हे खोकं कुठे चाललंय, आणि तो दर वेळी फक्त गावाचं नाव सांगायचा.

विचारायची तिची सवय जुनी. श्रमिकनगरात ती लहानाची मोठी झाली. नववीत असताना तिने बाईंना विचारलं होतं, बल्बची तार एवढी लाल होते तर जळून का जात नाही. बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी शिकवतील. पुढच्या वर्षी तो धडा झाला त्या आठवड्यात तिला कांजण्या आल्या. दहावीनंतर लग्न, मग चैताली झाली, आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर ती या वर्कशॉपमध्ये आली. पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या मालकांना तिने बल्बचा तोच प्रश्न विचारला. त्यांनी समजावून सांगितलं, की आत हवाच नाही तर तार जळणार कशी, आणि तिला तारेच्या टेबलावर बसवलं. आता मालक नाहीत, त्यांचा मुलगा प्रफुल्ल धंदा बघतो. तो तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. तिला ललिताताई म्हणतो आणि तिच्या प्रश्नांना थोडा भितो.

डिसेंबरच्या सुरुवातीला एक रॉड परत आला. घोटीच्या पुढे, वैतरणा धरणाच्या बाजूला एक तंबूंचं रिसॉर्ट आहे, तिथून. त्यांच्याकडे परदेशी बनावटीचं पेलेट ग्रिल होतं. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या छोट्या कांड्या असतात, त्यांना पेलेट म्हणतात. त्यांच्या आगीवर ते चालतं. आणि त्या कांड्या पेटवायला आत एक रॉड असतो. मूळचा रॉड जळाला, तसा मिळेना, म्हणून रिसॉर्टच्या मालकाने प्रफुल्लकडून करून घेतला होता. परत आलेल्या रॉडला चिठ्ठी बांधलेली होती: ‘फार उशिरा पेटतो.’

ललिताने तो मीटरला लावला. बरोबर. बाकावर करंट दिला आणि घड्याळ पाहिलं. सव्वा मिनिटात टोक गुंजेसारखं लाल. प्रफुल्लने तरी नवा रॉड पाठवला. दहा दिवसांनी तोही परत आला, चिठ्ठीत जरा कडक भाषा. तिने तोही लावून पाहिला. सव्वा मिनिट.

प्रफुल्ल म्हणाला, तिसरा देऊन टाकू, गिऱ्हाईकाशी वाद नको.

“तिसराही परत येईल भाऊ,” ललिता म्हणाली. “रॉड इथे चांगला आणि तिथे वाईट, असं कसं होईल? मला तिथे जाऊन बघू द्या.”

प्रफुल्लने रिसॉर्टच्या मालकाला फोन केला. मालकाचं म्हणणं, कुणीही या, पण शनिवार-रविवारचे पाहुणे सांभाळून या.

रविवारी सकाळी ललिता नवऱ्याच्या मागे मोटारसायकलवर बसली. नवरा यादव एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो. सुट्टीच्या दिवशी झोपायचं सोडून बायकोला रॉड दाखवायला न्यायचं हे त्याला पटलं नव्हतं, पण तो नाही म्हणाला नाही. पिशवीत मीटर, एक पाना, फडकं, दोन्ही रॉड आणि चपात्या होत्या. घोटी सोडल्यावर भात कापलेली रिकामी खाचरं लागली, आणि गार वाऱ्याने तिचे कान दुखायला लागले.

रिसॉर्टवर ग्रिल सांभाळायची ती सविता नावाची बाई. चाळिशीच्या आतली, शेजारच्याच पाड्यावरची. आधी ती दिंडोरीकडे द्राक्षाच्या छाटणीला जायची, मग रिसॉर्टवर भांडी घासायला लागली. ग्रिलचा आचारी काम सोडून गेला तेव्हा त्याचं बघून बघून हिने काम उचललं. तिच्या डाव्या भुवईचे केस अर्धे जळालेले होते. ललिताने ते पाहिलं, पण लगेच काही विचारलं नाही.

ग्रिल म्हणजे आडव्या पिंपाला पाय लावावेत तसं दिसत होतं. बाजूच्या पेटीत पेलेट. पेटीच्या तळाशी एक फिरता स्क्रू, तो पेलेट थोडे थोडे पुढे ढकलतो आणि पिंपाच्या पोटातल्या लोखंडी वाटीत टाकतो. वाटीच्या भोकातून रॉडचं टोक आत डोकावतं. मागून पंखा वारा घालतो. रॉडने पेलेट पेटले की पुढचं काम पंखा आणि पेलेट करतात, रॉड आपोआप बंद. ललिता गुडघ्यावर बसून कितीतरी वेळ त्या वाटीत बघत राहिली. एवढ्यासाठीच आपण तारेचे वेढे मोजतो, हे तिला पहिल्यांदा दिसलं.

तिने आपला रॉड बसवला आणि ग्रिल चालू करायला सांगितलं. बाराचा सुमार होता. धूर निघाला, आणि पाचव्या मिनिटाला ज्वाळा. यादव म्हणाला, झालं की, चला घरी.

“दिवसा नाटक नाय करत ते,” सविता म्हणाली. “सांजच्याला करतं. मी मालकांना सांगलं, पण त्यांना वाटतं मलाच जमत नाय.”

म्हणजे थांबणं आलं. यादवने आंब्याच्या सावलीत जागा पाहिली आणि टोपी तोंडावर ओढली. दोघी बायका ग्रिल गार होण्याची वाट बघत बसल्या. गार झाल्यावर ललिताने जाळ्या काढल्या. राख साचली की रॉडचं टोक त्यात बुडतं आणि ऊब पेलेटला पोचत नाही, हे तिला वाटेतच सुचलं होतं. पण वाटी स्वच्छ होती. सविता रोज सकाळी राख काढायची, वाटीची भोकं खराट्याच्या काडीने मोकळी करायची. रॉडचं टोक आत पुरेसं येतंय का तेही पाहिलं. बोटाच्या पेराएवढं येत होतं. राहिले पेलेट. वैतरणेच्या बाजूची हवा, ओल धरली असेल. ललिताने एक पेलेट दोन बोटांत धरून मोडला. तो कट्कन तुटला. ओला असता तर त्याचा भुगा झाला असता. सविताने तिला पत्र्याचा डबा दाखवला. पोतं फोडलं की ती पेलेट त्यात ठेवून झाकण लावायची.

राख नाही, ओल नाही, रॉड जागेवर. ललिताला वाईट वाटायच्या ऐवजी बरंच वाटलं. सोपं असतं तर एव्हाना कुणालाही सापडलं असतं.

चपात्या खाताना तिने भुवईचं विचारलं. सविताने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग सांगितलं, की दिवाळीनंतर एका संध्याकाळी ग्रिल पेटेचना, नुसता पांढरा धूर. स्क्रू आपला पेलेट टाकतोच आहे. वाटी भरून वर ढीग झाला आणि मग तो सगळा एकदम पेटला. झाकण धाडकन उडालं. तेव्हापासून ती धोका पत्करत नव्हती. चुलीतला एक निखारा चिमट्याने आणून गुपचूप वाटीत सोडायची, की काम भागायचं. मालकाला हे माहीत नव्हतं. निखारा टाकायचं विसरली किंवा चूल पेटलेली नसली, की ग्रिलला उशीर, आणि मालकाची चिठ्ठी सातपूरला.

“आज निखारा टाकू नको,” ललिता म्हणाली. “ते कसं रुसतं ते मला बघायचंय. झाकण उघडंच ठेवू, आणि आपण दोघी लांब उभ्या राहू.”

साडेसहाला पाहुणे धरणावरून परतले. तंबूंपुढचे दिवे लागले. थंडी चांगलीच पडली होती. सविताने ग्रिल चालू केलं. ललिताने घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं झाली, आठ झाली, नुसता धूर. दहाव्या मिनिटाला वाटीत ढीग दिसायला लागला तशी तिने बटण बंद करायला लावलं. चिमट्याने ढीग बाजूला सारून लगेच बॅटरी लावून पाहिलं तर रॉडचं टोक काळंच. नीट पाहिलं तर जरासं तांबूस. तिचा रॉड. बाकावर सव्वा मिनिटात लाल होणारा.

आणि मग ती चटकन उठली आणि तिने पिशवीतून मीटर काढून ग्रिलच्या सॉकेटला लावला. दुपारी तिने तिथे मोजलंच नव्हतं. सॉकेटमध्ये दोनशे तीस व्होल्ट असणार हे ती धरूनच चालली होती, जसं बाकावर असतं. मीटरने एकशे अडुसष्ट दाखवले.

यादव उठून आला होता. “बिघडलं का मीटर?” त्याने विचारलं. तिने दुसऱ्या सॉकेटला लावलं. तेच.

आता शोधायचं होतं की वीज जाते कुठे. ललिताने सविताला विचारलं, संध्याकाळी काय काय चालू असतं. फ्रीज, दिवे, पंप. आणि सविता बोलता बोलता थांबली. तंबूंच्या मागच्या न्हाणीघरांत सहा गीझर होते. थंडी पडल्यापासून पाहुणे धरणावरून आले की सगळ्यांना एकदम गरम पाणी लागायचं. गीझर आणि ग्रिल एकाच लांबलचक बारीक वायरवर होते. ललिताने मीटर धरून ठेवला आणि सविता न्हाणीघरांकडे गेली. एकेक गीझर बंद होत गेला तसे आकडे चढत गेले, एकशे ऐंशी, एकशे नव्वद. सहावा बंद झाला तेव्हा दोनशे पाच. एका न्हाणीघरातून कुणीतरी पाणी गार येतंय म्हणून हाक दिली. सविताने शांतपणे सांगितलं की पाच मिनिटं थांबा, काम चालू आहे.

वाटी रिकामी करून ग्रिल परत लावलं. सातव्या मिनिटाला ज्वाळा. निखारा न टाकता.

सविताने निखाऱ्याचा चिमटा परत चुलीपाशी ठेवला. मग म्हणाली, “म्हंजे मला जमत होतं.”

“तुला जमत होतं आणि माझा रॉडही चांगला होता,” ललिता म्हणाली.

मालक आला तेव्हा ललिताने त्याला मीटर हातात दिला आणि गीझर लावून-बंद करून आकडे दाखवले. भुवईचं मात्र सविताने स्वतः सांगितलं, निखाऱ्यासकट. मालक ओशाळला. वायर आपणच घाईघाईत ओढून घेतली होती, म्हणाला. त्याने तिथल्या तिथे वायरमनला फोन केला.

ललिताचं मन मात्र एवढ्यावर भरलं नाही. येताना तिने सविताकडून डबाभर पेलेट मागून घेतले. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने ते पत्र्याच्या वाटीत घातले, रॉड बसवला, टेबलफॅनचा वारा दिला आणि बाकावरच्या डिमरने करंट हळूहळू कमी करत गेली. दर वेळी नवे पेलेट, दर वेळी घड्याळ. एकशे ऐंशीच्या खाली धूर झाला पण आग नाही. एकशे नव्वदला पेटायला नऊ मिनिटं लागली. वर्कशॉपभर लाकडाचा गोड धूर झाला, तसा प्रफुल्ल केबिनमधून बाहेर आला. रागवायच्या बेताने आला होता, पण मग तोच घड्याळ धरून उभा राहिला. अर्धी वीज नाही, नुसती थोडी कमी, तरी रॉड एवढा मरगळतो, हे त्याने पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी बघितलं नव्हतं. त्याने विचारलं, मग कमी व्होल्टेजवर चालणारा रॉड करून द्यायचा का त्यांना?

ललिता म्हणाली, नको. दुपारी वीज पूर्ण आली की तो जास्त तापेल आणि महिन्याभरात जळेल. दुखणं वायरीचं आहे, औषध वायरीलाच द्यायला हवं.

आठवड्याने सविताचा फोन आला. ग्रिलला मेन बोर्डापासून वेगळी जाड वायर टाकली होती. गीझर चालू असतानाही संध्याकाळी दोनशे सव्वीस येत होते. मीटर आता सविताजवळही होता, मालकाने नवा आणून दिला होता. ग्रिल सहा मिनिटांत पेटत होतं. तिच्या आवाजात आनंद होता, आणि पाड्यावरच्या बायका मीटर बघायला येतात असंही ती म्हणाली.

ललिताने तिचं कौतुक केलं आणि फोन ठेवल्यावर विचारात पडली. दुपारी पाच मिनिटं लागली होती. संध्याकाळीही आता वीज जवळजवळ पूर्ण, रॉड तोच, पेलेट तेच. मग सहा का? एक मिनिट कुठे गेलं?

थंडीत, तिला वाटलं. पेलेट गार असतील तर तापायला वेळ घेत असतील. त्या रात्री तिने उरलेले पेलेट स्टीलच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवले. सकाळी चैताली कामाला निघताना डबा उघडून बसली आणि विचारायला लागली, की आई, हे खायचं आहे का, कुणी दिलं. ललिताने तिच्या हातातून डबा घेतला, टॉवेलात गुंडाळला आणि गार राहावा म्हणून घाईने वर्कशॉपला निघाली.

गार पेलेटला अर्धं मिनिट जास्त लागलं. तिने दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा अर्धंच. उरलेलं अर्धं मिनिट तिला अजून सापडलेलं नाही. सविताचं म्हणणं, संध्याकाळी धरणावरून वारा येतो तो पंख्याच्या उलटा शिरत असेल. ग्रिल फिरवून भिंतीकडे तोंड करून बघते, म्हणाली. ललिताने तिला सांगितलंय, फिरवण्याआधी तीन दिवस वेळ मोजून ठेव, आणि फिरवल्यावर तीन दिवस. संक्रांतीच्या रविवारी ती परत जाणार आहे. यादवने या वेळी कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही, मोटारसायकलची हवा तेवढी भरून आणली.