पोटावरचा आकडा

नाना दुकानात आले की आधी पिशवीतून स्वतःचं मीटर काढायचे. त्याच्या लाल आणि काळ्या तारांची टोकं एकमेकांना टेकवायचे. मीटर ‘पीं’ वाजलं की मान हलवून म्हणायचे, “मीटर खरं बोलतंय. आता तुमचं बघू, भाऊ.”

आता तुम्हीच सांगा, गिऱ्हाईक असं तोंडावर बोललं तर दुकानदारानं काय करावं? भाजीवालीसमोर कोणी स्वतःचा तराजू मांडून बसतं का? माझं जळगावात इलेक्ट्रॉनिक पार्टांचं दुकान आहे. रेझिस्टर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू. नाना दोन घेणार आणि त्या दोनांसाठी वीस मोजणार. मागे मोटर वाइंडिंगवाले आणि मोबाइलवाले खोळंबलेले. मी ओरडायचो, “नाना, लग्नाची मुलगी बघताय का?” ते मान वर न करता म्हणायचे, “तिला इतकं बघावं लागत नाही. ती बोलते तरी.”

नाना हे काही त्यांचं नाव नव्हे. खानदेशात दर तिसऱ्या घरात एक नाना असतो, त्यामुळे कोणाबद्दल लिहितोय ते तुम्हाला कळायचं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले, धरणगावहून एसटीनं यायचे. घरी सर्किटं बनवायचे. विकायला नाही, हौस म्हणून. एका उन्हाळ्यात त्यांनी आपल्या गल्लीतल्या सगळ्या कुलरांना पाणी संपलं की वाजणारी शिटी बसवून दिली. दुपारी तीनला अख्खी गल्ली जिनिंग मिलचा भोंगा झाल्यासारखी वाजायची. बायका भांडायला आल्या तर म्हणाले, “पाणी टाका, गप्प बसतं.”

त्यांच्यावर माझा सगळ्यात जास्त राग कशाचा असेल, तर ते भाव करत नसत. मी जामनेरकडच्या खेड्यातून आलो तेव्हा हातात एक सोल्डरिंग गन होती आणि तोंडात जीभ. बाकीचं सगळं घासाघीस करून मिळवलं. जो माणूस भाव करतो त्याचा अंदाज मला येतो. नाना मी सांगेन तो भाव देणार आणि माल मात्र पारखून नेणार. अशा माणसाला धरायचं कुठून?

दुकानाच्या मागे मी एक कार्ड बनवतो. वीज आली की विहिरीवरची मोटर ते आपोआप सुरू करतं, एखादा फेज गेला की बंद करतं. माझं पहिलं कार्ड एका जवळच्याच माणसानं जसंच्या तसं उतरवलं आणि स्वतःच्या नावानं विकलं. तेव्हापासून मी चिपांवरचे नंबर पॉलिश पेपरनं घासून काढू लागलो. आमच्या धंद्यात ही रीतच आहे. चिप म्हणजे चिंचोक्याएवढा काळा तुकडा, त्याला आठ पाय; एका कार्डात अशा दोन. पाठीवरचा नंबर पुसला की ती कोण हे बाहेरच्याला कळत नाही. कार्ड बिघडलं तर शेतकऱ्यानं माझ्याकडेच यायला हवं. चिपा मी सोल्डर करत नाही, बेसमध्ये, म्हणजे आठ खाचांच्या बैठकीत, नुसत्या खोचतो. आलेलं कार्ड दोन मिनिटांत दुरुस्त होतं, आणि त्या दोन मिनिटांवर माझा हक्क आहे असं मला तेव्हा वाटायचं. आजही वाटतं.

एके दिवशी धुळ्याचे शेठ दुकानात बसले होते. माझा सगळ्यात मोठा खरेदीदार. नानांनी काउंटरवरचं कार्ड उचललं, एक चिप बोटानं दाखवली आणि मुद्दाम अहिराणीत विचारलं, “भाऊ, याले नाव काय शे?”

“ते आमचं गुपित आहे,” मी म्हणालो.

“असं का?” म्हणत त्यांनी मीटर काढलं, पीं केलं, आणि पाच मिनिटांत सगळ्यांसमोर दोन्ही चिपांचे नंबर सांगितले. एवढ्यावर थांबतील तर ते नाना कसले? पिशवीतून एक जुनी लग्नपत्रिका काढली आणि तिच्या पाठीवर माझं सगळं सर्किट काढून दाखवलं. शेठ हसले. “म्हणजे पत्रिकेवर मावतं होय तुमचं गुपित!”

माझं डोकं फिरलं. मी मीटर त्यांच्या पिशवीत कोंबलं आणि म्हणालो, “नाना, पुन्हा या दुकानाची पायरी चढू नका.”

“बरं,” ते म्हणाले. हातातल्या दोन रेझिस्टरांचे पैसे काउंटरवर ठेवले आणि गेले. भांडले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या रब्बीच्या तोंडावर शेठनी दीडशे कार्डांची ऑर्डर दिली. गुरुवारी माल धुळ्याला पोचला नाही तर दुसऱ्याचा घेईन, असं बजावून. रविवारी मी तीनशे चिपा घासायला बसलो. निम्म्या ३५८ नंबरच्या, निम्म्या ३९३. दोन्हींना आठच पाय, विजेच्या जोडण्याही त्याच पायांना, जुळ्या बहिणीच. घासून झालेल्या दोन वेगळ्या डब्यांत टाकत होतो. शेवटची चिप टाकली आणि शेठचा फोन आला. ऐनवेळी भाव पाडू बघत होते. मी “जमणार नाही!” म्हणत टेबलावर मूठ आपटली. दोन्ही डबे खाली. फरशीवर तीनशे काळ्या चिपा, आणि त्यातल्या एकीलाही नाव नाही. नाव मीच पुसलेलं.

नवा माल मुंबईहून यायला चार दिवस लागणार होते. मी एकेक चिप कार्डात घालून बघू लागलो. पाय वाकले, दोन जळता जळता वाचल्या. तुम्हाला वाटेल, एवढा दुकानदार, याला येत नाही? मी हातानं शिकलो. काय कुठं बसवायचं ते मला ठाऊक. का बसवायचं ते विचारायला कधी सवड नव्हती. सोमवारी सकाळी दोन्ही डबे पिशवीत घालून मी मोटरसायकलनं धरणगावला गेलो.

नाना ओट्यावर होते. मी डबा पुढे केला. त्यांनी एक चिप उचलली, उन्हात धरली, उलटसुलट केली. “भाऊ, याले नाव काय शे?”

तिथेच डबा आपटून निघून यावंसं वाटलं. पण आपटाआपटीनंच ही वेळ आली होती.

“मिसळल्या,” मी म्हणालो.

ते हसले नाहीत. आत गेले आणि माझा चहा संपेपर्यंत एक छोटी पट्टी जोडून घेऊन आले. मध्ये चिपेचा बेस, बाजूला दोन दिवे. हिरवा लागला तर ३५८, लाल लागला तर ३९३. “हे कसं हो?” मी विचारलं.

“एक देस बी अन् लेस बी. दुसरी नुसती लेस,” म्हणजे एक देते आणि घेतेही, दुसरी नुसती घेते, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मी कपात बघितलं.

“मात्र माझी एक अट आहे,” ते म्हणाले. “प्रत्येकीवर नंबर लिहिणार.”

“मग घासल्या कशाला मी?”

“तेच विचारतोय. चाळीसगावच्या मळ्यात चिप जळाली, तर तिथल्या मेकॅनिकनं काय बसवायचं?”

“त्यानं माझ्याकडे यावं!”

“आणि तोवर गव्हानं काय करावं?”

मी भावाचा माणूस, भावावर आलो. जन्मभर लागतील तेवढे पार्ट फुकट देतो म्हणालो. नको म्हणाले. निम्म्यांवर लिहा म्हणालो. नको. शेवटी मी तोडगा काढला. “पाठीवर नको. पोटावर लिहा.” चिपेचं पोट कार्डाकडे असतं, कोणाला दिसत नाही.

नानांनी थोडा विचार केल्यासारखं केलं. “चालेल,” म्हणाले. आयुष्यात त्यांनी माझ्याशी केलेला हा एकच सौदा, आणि तो मी जिंकलो म्हणून मी खूश.

दोन दिवस ते ओट्यावर बसून होते. एकेक चिप बेसमध्ये, दिवा, मग उलटी करून पांढऱ्या शाईनं पोटावर बारीक आकडे. मी घाई केली की म्हणायचे, “मुली पाठवायच्या आहेत तुम्हाला. नावानिशी जाऊ द्या.” गुरुवारी माल धुळ्याला पोचला.

सौदा कोण जिंकलं हे मला महिन्याभरानं कळलं. एक मेकॅनिक काउंटरवर येऊन म्हणाला, “भाऊ, एक ३९३ द्या. तुमच्या कार्डातली गेली.” तुला कसं कळलं, असं मी ओरडलो. तो म्हणाला, “बेसमधून उपटली, तर पोटावर लिहिलेलं.” अरे, जळालेली चिप प्रत्येक जण उपटूनच काढतो! हे ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला ठाऊक होतं आणि तीस वर्षं धंदा केलेल्या मला सुचलं नाही. त्या दीडशेंतली फार थोडी कार्डं दुरुस्तीला माझ्याकडे परत आली.

नाना पुन्हा दुकानात येऊ लागले. मी ‘पायरी चढू नका’ हे शब्द परत घेतले नाहीत, त्यांनीही मागितले नाहीत. मीटर काढायचे, पीं करायचे, वीस मोजून दोन न्यायचे. माझ्याकडेच राहिलेली ती पट्टी घेऊन जा म्हटलं की म्हणायचे, “असू द्या. तुम्हाला पुन्हा राग येईल.” मागच्या वैशाखात ते गेले. मला आठ दिवसांनी कळलं, तेही एका मोबाइलवाल्याकडून. त्यांच्यासाठी मी मागवून ठेवलेला एक कंडेन्सर अजून खणात आहे.

नंबर मी अजूनही घासतो. धंदा आहे. पण परवा चाळीसगावहून एक कार्ड आलं. आतली एक चिप माझी नव्हतीच. तिकडच्याच कोणीतरी बसवलेली. पाठीवर कंपनीचा नंबर धडधडीत छापलेला. तरीही सवयीनं उपटून उलटी केली. पोटावर पांढऱ्या शाईत, वेड्यावाकड्या हातानं, तोच नंबर पुन्हा लिहिलेला. त्या मेकॅनिकला वाटलं असेल, या कार्डाची हीच पद्धत.

दुकानात चार माणसं खोळंबली होती. मी खणातून ती पट्टी काढली, चिप खोचली आणि दिवा लागायची वाट बघत उभा राहिलो.

“भाऊ, किती वेळ?” मागून कोणीतरी ओरडलं.

“थांब,” मी म्हणालो. “आधी बघू दे.”