शांतवनमामांचा दोर

कोल्हापूरच्या त्या ख्रिस्ती कॉलेजात जून उजाडला, की प्राचार्य नव्या पोरांना बंधुभावावर तासभर भाषण देत. पोरं माना डोलवत आणि बोर्डिंगात येऊन आपापल्या जातीची कोंडाळी करून बसत. बोर्डिंगचे रखवालदार शांतवनमामा भाषण देत नसत. ते विहिरीवरचं सामान वाटत. एकाला दोर, दुसऱ्याला बादली.

बावन्न साली दोर मिळाला जयसिंगपूरच्या व्यापाऱ्याच्या श्रेणिकला. बादली गेली उचगावच्या गावकुसाबाहेरून आलेल्या केरबाकडं.

"मामा, मला बादलीबी द्या की!" श्रेणिक म्हणाला.

"न्हाय पावणं. माणशी एकच जिन्नस, नियम हाय."

असला नियम कुठंच नव्हता. सकाळी अंगाला तेल चोपडून दोघं विहिरीवर एकमेकांकडं बघत उभे राहिले. तेवढ्यात कॉलेजची घंटा झाली.

"बांध की लेका बादली!" श्रेणिक ओरडला. केरबानं बांधली, श्रेणिकनं ओढली, आणि दोघं एकाच बादलीतलं पाणी अंगावर घेत सुटले.

"मामा, बघितलात भाषणाचा परिणाम?" तिकडून चाललेले प्राचार्य खुशीत म्हणाले.

"व्हय जी," म्हणत मामांनी मिशीतलं हसू दाबलं.

लहानपणी गावच्या विहिरीच्या दोराला हात लावला म्हणून मामांनी मार खाल्ला होता. आता बोर्डिंगच्या दोराला हात लावायचा, तर आधी मामांना विचारावं लागे.