बोलूनये बाई आणि एकतीस नंबरची कॉलर

शर्टांच्या त्या कारखान्यात तिला कुणी नावाने हाक मारायचंच नाही. सगळ्यांसाठी ती 'बोलूनये'. एकदा एका नव्या शिलाईवालीने भाबडेपणाने विचारलं होतं, "आडनाव आहे का हो हे?" आणि अख्खी रांग मशिनं थांबवून हसली होती.

आडनाव नव्हतं. ती कॉलरच्या टेबलावरची चेकर होती. शिवून आलेली प्रत्येक कॉलर ती मधोमध दुमडायची आणि दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवायची. टोकाला टोक भिडलं तर कॉलर पुढे. एक जरी बाहेर डोकावलं, तर त्यावर लाल बाणाचा स्टिकर आणि वर ते वाक्य, शिवणाऱ्या बाईला टेबलाशी बोलावून, सगळ्यांच्या देखत.

"बोलू नये," असं ती मान खाली घालून म्हणायची, आजारी माणसाला भेटायला गेल्यासारख्या आवाजात. मग मान वर. "पण..." आणि इथे थांबायची. हातातल्या छोट्या कातरीने कुठलातरी लोंबता दोरा कापायची. कच्! "...हे टोक आहे की मांजराचा कान?"

रांग फुटायची. जिची कॉलर, ती सोडून.

"मग बोलू नकोस ना, बाई! कुणी गळा धरलाय तुझा?"

"मला का हौस आहे? जीवावर येतं माझ्या."

जीवावर येत नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. त्या 'पण'नंतर तीस मशिनं आपल्या तोंडाकडे बघतात, हे तिला जिभेखाली गोळी ठेवल्यासारखं गोड लागायचं. पुढचं मात्र गोड नव्हतं. बाण लागलेली कॉलर त्या बाईच्या मशिनवरच्या दोरीला चिमट्याने टांगायची, संध्याकाळपर्यंत. आठवड्यात तीन टांगल्या गेल्या की मशिन दुसरीला.

घरीही तेच. "बोलू नये, दादा, पण या शर्टाचं मधलं बटण जीव मुठीत धरून बसलंय."

"तू कारखान्यातच बरी," दादा म्हणायचा. पाठ मोडल्यापासून तो खाटेवरच असायचा. घर या दोघींच्या हातांवर चालायचं, तिच्या आणि वहिनीच्या.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा ही नऊ वर्षांची होती. वेण्या घालणं वहिनीचं, हातात पहिली सुई देणं वहिनीचं. दोनच खोल्या, तरी कपाट आडवं लावून, पडदा टाकून, "ही तुझी खोली, इथे कुणी पाय टाकायचा नाही," असं ठणकावून सांगणारीही वहिनीच. पुढे एकतीस नंबरच्या मशिनवरून हिला चेकिंगला घेतलं, तेव्हा रिकाम्या झालेल्या स्टुलावर हिने वहिनीला आणून बसवलं. त्या स्टुलावर अकरा वर्षं घालवली होती हिने. मान, पाठ, डोळे, सगळं शिवलं गेलं होतं तिथे. पुन्हा तिकडे बघायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

आणि पाच आठवड्यांपूर्वी एक कॉलर दुमडली, तर डावं टोक सूतभर बाहेर. तिने बाण उचलला. कॉलरला टाचलेली मशिन नंबरची चिठ्ठी पाहिली. एकतीस.

कातर दोऱ्यावर ठेवली, कच् झालं, पण 'पण' काही बाहेर येईना. तिने कॉलर मुकाट्याने ॲप्रनच्या खिशात घातली. जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यातल्या मशिनवर बसून टोक उसवलं, पुन्हा शिवलं, उलटवलं, गठ्ठ्यात सरकवलं. एकदाच, असं मनाशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी चार निघाल्या. आठवड्याअखेर अकरा.

ती उभ्या उभ्या दोन घास तोंडात कोंबायला लागली.

"जेवायला का येत नाहीस गं हल्ली?" वहिनीने विचारलं.

"भूकच नसते."

"तुला? तुला भूक नसते?"

"वय झालं."

"माझ्यासमोर वय सांगतेस होय? उवा काढल्यात मी तुझ्या डोक्यातल्या." वहिनी हसली आणि हसता हसता डावा अंगठा चोळत राहिली. अंगठ्याला मुंग्या येतात हे ती कधीतरी बोलली होती. कॉलर उलटवताना टोक पाहायचं नसतं, अंगठ्याने चाचपायचं असतं. अंगठाच बहिरा झाला, तर टोक कुणाला सांगणार?

सांगायला हवं होतं. रोज सकाळी कारखान्याच्या जिन्यावर ती ठरवायची आणि रोज संध्याकाळी त्याच जिन्याने गप्प उतरायची. जिने अख्ख्या रांगेला सोडलं नव्हतं, तिला एका बाईसमोर वाचा फुटत नव्हती. बाण मारावा, तर घरातली चूल अर्धी होते आणि वहिनीचा पाणउतारा दिवसभर दोरीवर लोंबतो. मारू नये, तर खिसा रोज जड होतो. बाकीच्यांना मात्र ती आता जास्तच बाण मारत होती, तेही अर्ध्या सुतासाठी. कशासाठी, ते तिलाच कळत नव्हतं.

मग सुपरवायझरने वही उघडली.

"बायांनो, ऐका! पाच आठवड्यांत एकतीस नंबरची एकही कॉलर टांगलेली नाही. आणि तीसुद्धा कुणाच्या हाताखालून? बोलूनये बाईंच्या! टाळ्या!" टाळ्या झाल्या. "उद्या खरेदीवाले येतायत. त्यांच्यासमोर नमुन्याची कॉलर एकतीस नंबर शिवणार."

वहिनी हसली नाही. तिने वळून फक्त चेकिंगच्या टेबलाकडे पाहिलं.

सुट्टीत हिने सुपरवायझरला जिन्यात गाठलं. "साहेब, बोलू नये, पण एकतीस नंबर उद्या नको."

"बाई!" तो हात जोडून म्हणाला. "सगळ्या रांगेचं उणं काढलंत, आता घरच्या माणसाचंही? जरा कौतुक झालं, तर बघवत नाही का तुम्हाला?"

"तसं नाही हो. खरंच मला..."

"जीवावर येतं. माहितेय. रोज ऐकतो." आणि तो दोन दोन पायऱ्या उतरत गेला.

आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य तिने मनापासून म्हटलं होतं.

संध्याकाळी घरी दादाचा डोळा लागला होता. वहिनीने एक कॉलर आणून हिच्या मांडीवर ठेवली. "सुटता सुटता शिवली. बघ."

हिने दुमडली नाही. "छान आहे."

"दुमड."

"छान आहे म्हटलं ना."

"दादाच्या बटणालासुद्धा सोडत नाहीस तू. मला नुसतं छान?" वहिनी शेजारी टेकली. "कोपऱ्यातल्या मशिनला तेल गळतं. महिनाभर गठ्ठ्यातल्या माझ्या कॉलरींना त्या तेलाचा वास येतोय. मला काय नाक नाही?"

ही गारठली. "तुला माहीत होतं?"

"वाट बघत होते. तू म्हणशील, मग मी मान्य करेन. तू बोलली नाहीस, मग मीही शिवत राहिले." वहिनीने अंगठा पुढे केला. "सुई टोचली तरी कळत नाही आता. म्हण."

"वहिनी, डावं टोक..."

"असं नको. सगळ्यांना म्हणतेस तसं म्हण. मी काय वेगळी आहे?"

"बोलू नये," ती म्हणाली. मान खाली होती ती वर येईना. "पण..."

कातर नव्हती. दोराही नव्हता.

"...सूतभर मोठं आहे. रोज."

"हं." वहिनीने कॉलरची घडी घातली. "साहेबाला सांगून झालं?"

"ऐकत नाही. म्हणतो, कौतुक बघवत नाही मला."

"मग उद्या मी शिवणार. आणि तू तपासणार. खिसा नाही हं."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीच्या कपड्यांतले दोन खरेदीवाले एकतीस नंबरपाशी उभे राहिले. वहिनीने कॉलर शिवली, उलटवली आणि स्वतः उठून टेबलावर आणून ठेवली. रांग कान टवकारून बसली. हिने कॉलर दुमडली. डावं टोक बाहेर आलं.

हिने बाण लावला, आणि एक शब्द बोलली नाही.

"बोलू नये," वहिनीच मोठ्याने म्हणाली, "पण बरोबर लावलाय."

कुणी हसलं नाही. सुपरवायझरने कॉलर घेतली, दुमडली, मग गठ्ठ्यातल्या एकतीस नंबरच्या कालच्या चार दुमडून पाहिल्या. त्या सगळ्या टोकाला टोक होत्या.

"या कुणी शिवल्या?"

कोपऱ्यातल्या मशिनकडे हिची नजर गेली आणि तेवढ्याने भागलं.

"बाई, तुम्ही?" खरेदीवाले घड्याळ बघत होते. रागवायला सवड नव्हती. "मग एकतीसवर तुम्हीच बसा. आत्ता. आणि उद्यापासूनही. वहिनींना पॅकिंगला घ्या, आणि टेबलावर बघू कुणालातरी."

"साहेब, मी अकरा वर्षं तिथे..."

"म्हणून तर सांगतोय."

ती टेबलामागून निघाली. कातर टेबलावरच ठेवली. रांगेतून जाताना एकही मशिन थांबलं नाही, एकही मान वर झाली नाही. एकतीस नंबरच्या स्टुलाला जुन्या साडीची घडी करून बांधलेली गादी होती, अजून ऊबदार. बसल्याबरोबर मान आपोआप पुढे झुकली. अकरा वर्षांची जुनी वाट मानेला पाठ होती. वरच्या दोरीवर चिमट्यात वहिनीची कॉलर टांगली जात होती.

वहिनी पॅकिंगकडे जाता जाता थांबली. वाकली, गादीची सुटलेली गाठ अंगठा सोडून चार बोटांनी घट्ट केली.

"ही काढू नकोस हं," ती म्हणाली. "पुढून टोचतं ते स्टूल. तुला तर माहितेयच."