सोयराच्या घरी

काशीचा नवरा दादू गेला त्याला सहा दिवस झाले होते. या सहा दिवसांत काशी कुणाशी फार बोलली नव्हती. बोलायचं होतं ते एकच होतं, आणि ते माणसांना सांगण्यासारखं नव्हतं.

तो गेला त्या सकाळी ती मागच्या दारी बांगडे साफ करत होती. पुढच्या अंगणातून दादूने हाक मारली, "काशे!" डॉक्टरांनी बंद केलेल्या विडीवरून दोघांचं नुकतंच वाजलं होतं. आता माचिस मागत असणार, असं तिला वाटलं. पुन्हा हाक आली. ती उठली नाही. बांगडे संपवून, हात धुऊन, मांजराला हुसकून ती पुढे आली, तेव्हा दादू पायरीवर आडवा होता.

माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "ती बिचारी मागल्या दारी. तिला काय ऐकू येणार?"

काशीने मान डोलावली. तेवढंच तिने केलं. 

देवाला सांगावं, तर देव बंद होते. सुतक लागल्याबरोबर मोठ्या जावेने, गोदाने, देव्हाऱ्यावर पांढरं फडकं टाकलं होतं. देवळाची पायरी तर दहा दिवस चढायचीच नाही. दहा दिवस हे पोटात ठेवून जगायचं कसं, ते काशीला कळत नव्हतं.

खेडजवळच्या गावातून ती लग्न होऊन मांडवीला आली. नवरा होड्या रंगवणारा, हाताला कायम रंगाचा वास. मूल झालं नाही. एकोणीस वर्षं ती चर्च झाडत होती, फरशी पुसत होती. तिथल्या देवाला ती 'तुमचा देव' म्हणे. जाताना नमस्कार मात्र रोज करी, हात ओले असले तरी.

नाताळच्या दुपारी तिने खुंटीवरची किल्ली काढली.

"कुठं चाललीस गो?" गोदाने विचारलं.

"चर्चची किल्ली द्यायला."

"किल्ली काय पळून चालली? आज त्यांचा सण. सुतकाची तू, भरल्या सणात जाऊन उभी राहणार?"

"दारातूनच देते, वयनी."

"दारातूनच दे. नि कुणाला शिवू नको. नायतर म्हणतील, मांडवीच्या बायकांना रीत नाय."

सकाळची प्रार्थना आटोपून लोक घरी गेले होते. फादर दारात एकटेच उभे होते. हातात करंज्यांची ताटली होती. काशीला पाहून त्यांनी ती पुढे केली.

ती दोन पावलं मागे सरली. "शिवू नका, फादर. सुतक आहे." तिने किल्ली पायरीवर ठेवली.

फादरांनी वाकून किल्ली उचलली. "आत या, काशीताई."

"नको." ती तिथेच उभी राहिली. परत फिरणंही तिला जमेना. "फादर, तुमच्या देवाला सुतक चालतं?"

फादर वसईचे. असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "आमच्यात सुतक पाळत नाहीत," ते म्हणाले.

"तुम्ही पाळत नाय. त्याला चालतं काय, ते विचारते."

 फादरांनी आत पाहिलं. काशीनेही पाहिलं. दारातून गोठ्याचा देखावा दिसत होता. पेंढा, गाय, आई, बाप, मधे बाळ.

"कधी जन्मला म्हणता?" तिने विचारलं.

"काल रात्री. म्हणजे, तसं आम्ही मानतो."

"दहा दिवस झाले नाय म्हणजे."

"नाहीत."

 काशी हळूच म्हणाली, "मग त्याच्याच घरात सोयर आहे की."

मरणाचं सुतक, तसं जन्माचं सोयर. दोन्ही घरची माणसं देवापासून लांब बसतात. इथे तर देवच सोयरात होता. कुणी कुणाला विटाळायचं?

फादर हसले नाहीत. "आहे खरं," ते म्हणाले आणि दारातून बाजूला झाले.

काशी आत गेली. केस विंचरलेले नव्हते. लुगडं चुरगळलेलं होतं. ती गोठ्यासमोर फरशीवर बसली. काहीतरी धड म्हणावं असं तिला वाटत होतं, पण तिला त्यांची प्रार्थना येत नव्हती आणि स्वतःची आठवेना.

"त्यांनी हाक मारली," ती म्हणाली. "दोनदा. मला ऐकू आली होती."

बाळाने काही केलं नाही. मातीचे हात पसरून ते तसंच पडून होतं. काशी वाट पाहत राहिली. कुणी रागावलं नाही. कुणी तिला ऊठ म्हटलं नाही. मग तिला रडू फुटलं. दादू गेल्यावर प्रथमच, मोठ्याने. बाहेर फादर ऐकत होते. ते आत आले नाहीत.

ती घरी पोचली तेव्हा गोदा ओटीवर तांदूळ निवडत होती. "दारातून किल्ली द्यायला एवढा उशीर?"

"वयनी," काशी म्हणाली, "त्या दिवशी मला हाक ऐकू आली होती. मी गेले नाय."

गोदाचे हात थांबले. तिने तांदूळ बाजूला सारले. काशीही समोरून हलली नाही.

"बस," गोदा शेवटी म्हणाली. "चहा टाकते."

चहा दोघींनी ओटीवरच बसून प्यायला. सुतकाचे अजून चार दिवस होते.