दहाला परत

नुबार ताशजियान यांचं ग्लेनडेल शहरात बूटदुरुस्तीचं दुकान होतं. एकोणचाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या टाचा बदलल्या. बुटाची झीज बघून ते तुमच्या संसाराबद्दल बोलायला लागायचे आणि बहुतेक वेळा साफ चुकायचे. आमच्या शनिवारच्या टोळीतल्या सगळ्यांचे बूट त्यांच्या हाताखालून गेलेले. परत देताना म्हणायचे, "मी माझं काम केलंय, आता पाय तुझे."

पाय जायचे ते पेड्रेगोसा डोंगराच्या माथ्यावर. वणवा लागला तर बंबाच्या गाड्या वर चढाव्यात म्हणून काढलेला मातीचा रस्ता आहे. पाच मैल, बत्तीस वळणं आणि झाड एकही नाही. दोन्ही बाजूंना कमरेएवढी वाळकी झुडपं. नवखा माणूस रस्त्याची रुंदी बघतो आणि फसतो. एवढ्या ऐसपैस रस्त्यावर कोणी मरतं का, असं त्याला वाटतं. मरतात. झावेन मेला.

झावेन नुबारांचा बैरूतपासूनचा मित्र. चौदा वर्षांपूर्वी जूनमधल्या एका शनिवारी दोघंच गेले होते. झावेनची ती शंभरावी चढाई. माथ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात वही असते, तिच्यात त्यानं नाव लिहिलं आणि उतरताना अकराव्या वळणावर उन्हानं कोसळला. हेलिकॉप्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. "मी म्हणत होतो, उशीर झालाय, परत फिरू," नुबारांनी आम्हाला सांगितलं, "ऐकेल तर तो झावेन कसला."

त्यानंतर त्यांनी टोळीला नियम घालून दिला. दहाला परत. तुम्ही कुठंही असा, माथा समोर दिसत असला तरी, दहा वाजले की पाठ फिरवायची. कोणी कुरकुर केली की त्याला पुढच्या शनिवारी बोलवायचे नाहीत. आम्ही मागून त्यांना फौजदार म्हणायचो, पण नियम पाळायचो.

गेल्या वर्षी मार्चमध्ये त्यांच्या दोनशे नव्व्याण्णव चढाया झाल्या आणि तिथंच घोडं अडलं. गुडघे बोलायला लागले. अडीच तासांत पोचणारा माणूस चार तासांतही पोचेना. खालचं फाटक सहाच्या आत उघडत नाही, म्हणजे लवकर निघायची सोय नाही. एप्रिलमध्ये त्यांचे दहा तिसाव्या वळणावर वाजले, सप्टेंबरमध्ये चोविसाव्या. प्रत्येक वेळी ते मुकाट्यानं वळले. त्यातच दृष्टी अधू झाली. रस्ता दिसायचा, घड्याळाचे आकडे दिसायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, हिवाळ्यानंतर रस्ताही दिसणार नाही. या जूनमध्ये त्यांनी दोन्ही गुडघ्यांत इंजेक्शन घेतलं आणि मला फोन केला, "शाके, शनिवारी तीनशेवी. कॉफीचं भांडं तू घे."

शंभराचा आकडा झाला की माथ्यावर कॉफी उकळायची आमच्याकडे रीत आहे. मी भांडं पुढच्या मंडळींकडे दिलं आणि स्वतः नुबारांबरोबर मागं राहिले.

"किती वाजले, पोरी?" पंधराव्या वळणावर त्यांनी विचारलं.

"छप्पन्न वर्षांच्या बाईला पोरी म्हणताय. आठला पाच कमी."

"छप्पन्न? मग टाचा बऱ्या टिकल्यात तुझ्या."

ते छान चालत होते. पण विसाव्या वळणानंतर इंजेक्शनचा जोर ओसरला. दहा पावलं टाकायची, काठीवर रेलायचं, पुन्हा दहा पावलं. एकोणतिसाव्या वळणावर दहाला चार मिनिटं होती. वर मंडळींचं हसणं ऐकू येत होतं. अजून तीन वळणं, फार तर अर्धा तास.

"किती वाजले?"

"नऊ वीस," मी म्हणाले.

आधी काही ठरवलं नव्हतं. त्यांचा चेहरा बघितला आणि तोंडातून निघून गेलं. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. ते एकदम ताठ झाले, काठी जोरात टेकायला लागले. "साखर कमी घालायला सांग त्यांना," म्हणाले, "मागच्या वेळी सरबत केलं होतं."

एकतिसाव्या वळणावर डोंगर कापून काढलेली उभी दरड आहे. अख्ख्या रस्त्यावर सावली म्हणून काय ती तेवढीच. नुबार दरडीला पाठ लावून टेकले आणि तसेच थांबले. मग वाकून त्यांनी बुटांवर हात ठेवला.

"ऊन बुटांवर आलंय," ते म्हणाले. "जूनमध्ये इथं टेकलं की नऊला ऊन खांद्यावर असतं. साडेनऊला कमरेवर. बुटांवर आलं म्हणजे दहा वाजून गेले."

मी घड्याळ बघितलं. "दहा दहा. नुबार जान, पंधरा मिनिटांचं काम आहे हो. पाणी आहे, आम्ही सगळे आहोत. हवं तर मी धरून नेते."

ते खाली बसले.

"झावेनचं घड्याळ बंद पडलं होतं," ते म्हणाले. "त्यानं मला विचारलं, किती वाजले. अकरा वाजले होते. मी साडेनऊ सांगितले. शंभरावी होती ना त्याची." त्यांनी तोंडावरून रुमाल फिरवला. "परत फिरू, असं तो म्हणत होता, शाके. मी नव्हे. हे सावलीचं गणित मी नंतर शिकलो."

मग उठले आणि खाली चालायला लागले. मी त्यांच्या मागून निघाले. मला त्यांची दया आली आणि संतापही आला. हे ओझं त्यांनी चौदा वर्षं वाहिलं होतं, ते आता अर्धं माझ्या पाठीवर टाकून मोकळे झाले, असं वाटलं. अकराव्या वळणावर ते थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी चर्चनंतरच्या जेवणाला झावेनची बायको सिरानुश नेहमीसारखी नुबारांच्या शेजारी बसली. द्राक्षाच्या पानांतला भात तिनं त्यांच्या ताटात वाढला. चौदा वर्षं ती दर रविवारी वाढते.

"काल जमलं नाही म्हणे," ती म्हणाली. "असू द्या. वेळेत फिरलात ना. आमच्या हट्ट्यानं त्या दिवशी तुमचं ऐकलं असतं, तर आज इथं बसून जेवला असता. मी अजून रात्री त्याच्याशी भांडते त्यावरून."

नुबारांनी घास हातातच धरला होता. ते माझ्या दिशेनं बघत होते. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, हे मला माहीत होतं. मी बोलावं की बोलू नये, यातलं त्यांना काय हवं होतं, ते मला आजही कळलेलं नाही.

"तू सांग शाके," सिरानुश म्हणाली. "होता की नव्हता हट्टी?"

"होता," मी म्हणाले.