उसवू न देणाऱ्या अक्का

अक्कांना कुणी काही उसवलेलं बघवत नसे. आमच्या क्रोशाच्या गटात कुणाचा टाका चुकला आणि तिनं धाग्याचं टोक ओढायला बोट पुढे केलं, की खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून आवाज यायचा, "राहू दे व माय. त्या दिनना टाका शे तो." त्या दिवशी मन जसं होतं तसा पडला, आता त्याला कशाला छळतेस, असा त्याचा अर्थ. त्यांच्या स्वतःच्या विणकामात मात्र शोधूनही असा टाका सापडत नसे. जिचा हात कधी चुकत नाही तिला इतरांच्या चुका पोटात घालायला काय जातं, असं मला तेव्हा वाटायचं.

मी जळगावच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूमिती शिकवली. चौरस म्हटला की चार बाजू सारख्या आणि चारही कोन काटकोन, नाहीतर पान नव्यानं. मुली मला पाठीमागे काय म्हणायच्या ते मला ठाऊक आहे आणि त्यांचं फारसं चुकत नव्हतं. क्रोशाच्या पिशवीतही माझी फूटपट्टी असते. ती बघून अक्का म्हणायच्या, "मॅडम, भाकर थापतानी बी पट्टी लावस का तू?" सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, पण पट्टी काही परत पिशवीत टाकायचे नाही.

आम्ही दहा-बाराजणी, निम्म्या जळगावच्या, निम्म्या धुळ्याच्या. महिन्यातला एक रविवार अमळनेरला वैशालीकडे जमायचो, दोन्हीकडच्यांना साधारण सारखंच अंतर म्हणून. कुणी बाळाची टोपी आणायची, कुणी दाराचं तोरण, कुणी अर्धवट टाकलेला रुमाल. अक्का धुळ्याहून एस.टी.नं दोन डबे घेऊन येत; एकात लोकर, दुसऱ्यात शेव. दिसेल त्या वस्तूला कपडे चढवायची त्यांना भारी हौस. टीव्हीचा रिमोट, पाण्याची बाटली, नानांचा ट्रान्झिस्टर, नेलकटर, सगळ्यांना अंगरखे. नाना म्हणजे त्यांचे यजमान, एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. ते म्हणायचे, "मी जास्त येळ एका जागे बठत नही. बठनू तर ही मलेबी घाली देई." आणि स्वतःच्याच विनोदावर इतके मोठ्यानं हसायचे की शेजारचं कुत्रं भुंकायचं.

माझी आई सोनगीरला भावाकडे असायची. तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि तिला धुळ्याच्या एका दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मी तीन आठवडे तिथं होते. अक्का रोज दुपारी यायच्या. आईसाठी मुगाची खिचडी, माझ्यासाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा. आई दुखण्याला घाबरत नव्हती. ती लाजत होती ती पलंगाला लटकवलेल्या लघवीच्या पिशवीला. कुणी भेटायला आलं की चादर खाली ओढून ती पिशवी झाकायची धडपड करायची. मी रोज ते बघत होते आणि मला काही सुचलं नाही. अक्कांनी एकदाच बघितलं. दुसऱ्या दिवशी हिरव्या सुती धाग्याची नाडीवाली खोळ घेऊन आल्या, तिच्यावर एक पिवळं फूल. पिशवीला चढवली, नाडी बांधली आणि आईला म्हणाल्या, "आते कोन्हीबी येऊ दे." आई त्या दवाखान्यात पहिल्यांदा हसली ती तेव्हा. एवढं लिहिल्यावर पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहायला हवं.

आमच्या गटात एक रीत होती, अक्कांनीच पाडलेली. कुणाच्या घरी मोठं दुखणं आलं की प्रत्येकीनं एक वीतभर चौकोन विणायचा. सगळे चौकोन एकीकडे जायचे, ती ते जोडून पांघरूण करायची आणि रोग्याला नेऊन द्यायची. चौकोनावर नाव लिहायचं नाही; कोण चांगली, कोण वाईट, हे दुखण्यात मोजायचं नाही, म्हणून. आणि दुसरं, जो जसा आला तसा जोडायचा. आईच्या पांघरुणात एक चौकोन चक्क पंचकोनी होता. मी तो पट्टीनं मोजला होता आणि अक्कांनी माझ्या हातातून पट्टी काढून घेतली होती.

गेल्या वर्षी नानांना लकवा झाला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. एकेक शब्द खोल विहिरीतून बादली ओढावी तसा यायचा. त्या वेळी जोडण्याची पाळी माझी होती. धुळ्याच्या आणि अमळनेरच्या बायकांचे चौकोन एका पुडक्यात आले. अक्कांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बठ्ठा पोचनात ना? खाकीबी पोचना ना?" मी म्हटलं, "सगळे पोचले, अक्का, काळजी करू नका." खाकीचंच त्यांनी नाव घेऊन का विचारलं, हा प्रश्न मला पडला नाही.

तो खाकी चौकोन मी टेबलावर ठेवला आणि माझं डोकंच उठलं. गुलाबी, निळ्या, पोपटी चौकोनांत तो मळका रंग. एक बाजू आवळलेली, दुसरी सैल. एका ओळीत खांबाचे अठरा टाके, दुसऱ्या ओळीत चौदा. वैशालीची नवी सून नुकतीच सुई धरायला शिकत होती. मला वाटलं तिचाच असणार. रीत मला पाठ होती. पण मनात म्हटलं, पोरीला तरी कुठं कळणार आहे, आणि नानांच्या अंगावर असलं वेडंविद्रं कशाला. टोक शोधलं आणि ओढलं. चहाला आधण येईपर्यंत सगळा उसवून झाला. उसवलेली लोकर कुरळी राहते, तिला आपला जुना आकार सोडवत नाही. मी ती आधणाच्या वाफेवर धरून सरळ केली आणि त्याच लोकरीचा नवा चौकोन विणला. चारी बाजू सारख्या. थोडी लोकर उरली, ती डब्यात टाकली. पांघरुणाचा फोटो गटावर टाकला. सगळ्यांनी लिहिलं, मॅडमच्या हाताला तोड नाही. मी ते निरोप दोनदा वाचले.

पांघरूण घेऊन मी धुळ्याला गेले. नाना खाटेवर उशीला टेकून बसले होते. मी ते त्यांच्या पायांवर पसरलं आणि वर बोलले, ते शब्द मला आजही ऐकू येतात, "एक इतका वाकडा होता ना अक्का, नव्या मुलीचा असावा. मी उसवून सरळ केला." पाण्याचा तांब्या घेऊन येणाऱ्या अक्का मध्येच थांबल्या. नाना माझं बोलणं ऐकत होते की नाही कुणास ठाऊक. त्यांचा डावा हात पांघरुणावरून फिरत होता, एकेक चौकोन चाचपत, कुणीतरी ओळखीचं शोधावं तसा. खाकीवर येऊन थांबला. त्यांनी अंगठ्यानं त्याच्या चारी कडा तपासल्या. मग अक्कांकडे बघून मान हलवली. "मन्हा... नही." माझा नाही.

मला तेव्हा कळलं. ड्रायव्हरचा खाकी रंग. नानांनीच डाव्या हातानं विणलेला. आपल्या पांघरुणात आपलाही एक असू दे, म्हणून.

अक्कांनी तांब्या खाली ठेवला. चौकोनावरून हात फिरवला आणि अगदी सहज म्हणाल्या, "तुम्हनाच शे तो. जोडतानी ताणाई गया, म्हनीसन सरळ दिखस." जोडताना ताणला गेला म्हणून सरळ दिसतो. नानांनी पुन्हा एकदा चौकोनाकडे बघितलं आणि हात मागे घेतला. अक्का माझ्याकडे वळल्या. "मॅडम, चहा लेस ना?" मी म्हटलं, "घेईन." तोंड उघडायला ती एक जागा होती. नाना समोर होते, मी समोर होते, फक्त "तुमचा चौकोन मीच उसवला, नाना" एवढं म्हणायचं होतं. तीस वर्षं मुलींना चूक कबूल करायला शिकवणाऱ्या बाईच्या तोंडून ते निघालं नाही. मी चहा घेतला. बिस्किटही घेतलं. उन्हाळ्यावर बोलले आणि चारच्या एस.टी.नं परत आले.

दिवाळीनंतर नाना गेले. भेटायला गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. तिथं ते बोलता येणार नव्हतं, याचं मला बरंच वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. महिन्याभरानं अक्का मुलाकडे सुरतेला कायमच्या निघाल्या, तेव्हा मात्र मी मनाशी ठरवून गेले. त्या सामान बांधत होत्या. पांघरूण घडी करून मांडीवर घेतलेलं होतं. मी एका दमात सगळं सांगितलं. पट्टी, वाफ, आधण, सगळं.

अक्का घडीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यासले समजनं व्हतं व." नानांना कळलं होतं, अक्का सांगू लागल्या; तुला वाटलं त्यांना कळलं नाही. तू गेलीस, तसे मला म्हणाले, "बाईले... सांगू नको. वाईट... वाटी." एवढं बोलायला त्यांना चहा गार होईपर्यंत वेळ लागला.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी रडनू. मंग तुन्हा फोन उना, घर पोचनी म्हनीसन."

घरी पोचल्याचा तो फोन मला आठवत होता. त्यांनी मला विचारलं होतं, गाडीत बसायला जागा मिळाली का. आवाजात काही नव्हतं.

मी रडायला लागले. अक्कांनी मला रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही, दूरही सरल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "उसवना तो उसवना. तीन आठवडा लागनात त्यासले, पन जाऊ दे. तठेच सांगी देती ना तू, तर नाना हासता." शेजारच्या कुत्र्याला भुंकायला लावणारं ते हसू. लकव्यानंतर त्या घरात ते कुणी ऐकलं नव्हतं. मी तोंड उघडलं असतं तर कदाचित एकदा ऐकू आलं असतं. अक्कांनी हे रागानं म्हटलं नाही, म्हणून ते जास्त लागलं.

अक्का सुरतेला गेल्या. फोन करतात, तिथल्या बायकांना सुई धरायला शिकवतात, आणि माझ्या पट्टीची चौकशी करतात. गटात अजून कुणाला हे माहीत नाही. पांघरुणाचा तो फोटो कुणी ना कुणी अधूनमधून वर काढतं आणि नेमक्या खाकी चौकोनाचं कौतुक करतं, बघा मॅडमचं काम. मी हात जोडल्याचं चित्र पाठवते. पुढच्या रविवारी अमळनेरला सांगणार आहे, असं मी गेले चार रविवार ठरवते आहे. यावेळी हे कागद पिशवीत घातले आहेत. तोंड नाही उघडलं तर निदान वाचून दाखवीन.

उरलेली खाकी लोकर अजून डब्यात आहे. मागच्या आठवड्यात ती काढली, उजवा हात पदराखाली धरला आणि डाव्या हातात सुई घेतली. सुई निसटते. धागा धरायला दुसरा हात नसतो, तो गुडघ्यात दाबून धरावा लागतो. नाना तो कशात धरत असतील, हे मी अक्कांना कधी विचारलं नाही. एका अख्ख्या दुपारी माझे पाच टाके झाले. पाचही वाकडे आहेत. उसवलेले नाहीत.