सरांची झोपडी

सरांनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला. विचारलं नाही. काळ्या रंगात बुडवला आणि माझ्या चित्राच्या डाव्या कोपऱ्यात एक झोपडी काढली. कलतं छप्पर, दार, दारात डोक्याला हात लावून बसलेली बाई.

"आता कसं! आता जीव आला," ते म्हणाले.

मी म्हणालो, "हो, सर."

मुलुंडला सरांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात दर रविवारी चित्रकलेचा वर्ग भरायचा. पन्नासच्या दशकातली गोष्ट. बाकीची मुलं वकील-डॉक्टरांची. मी एकटा रुळांपलीकडचा. आम्ही महार. वडील रेल्वेच्या गँगमध्ये रूळ दुरुस्त करायचे. मी आग्रा रोडवरच्या कारखान्यात डबे रंगवायचो. सर माझ्याकडून फी घेत नसत. कधी टाकून बोलत नसत. चहाही सगळ्यांसारख्याच कपात मिळायचा. म्हणून तर अपमान नेमका कुठे झाला, हे मला लवकर सापडलं नाही.

विद्यार्थ्याच्या चित्रावर सरांनी हात फिरवायचा, ही तिथली रीतच होती. मुलं उलट खूश व्हायची. पण दुसऱ्या कुणाच्या चित्रात त्यांनी घर बांधलं नव्हतं.

माझं चित्र मिठागरांचं होतं. मिठागर ओळखू येत नव्हतं, नुसते रंग होते. भर दुपारी तिथे उभं राहिलं की जवळ काय आणि लांब काय, डोळ्याला ठरवता येत नाही. मला तेच हवं होतं. रस्ता निमुळता करून, झाडं बारकी करून अंतर दाखवायचं नव्हतं. तांबडा पुढे येतो. निळसर राखाडी मागे सरतो. मधे मळकट पिवळा ठेवला की तो दोघांकडे ओढला जातो आणि कागद हलायला लागतो. ते हलणं साधायला मी कितीतरी कागद वाया घालवले होते.

झोपडी आली आणि सगळं थांबलं. तांबड्याची जमीन झाली. राखाडीचं आभाळ झालं. पिवळा नुसता चिखल.

शेजारी वसंता बसायचा, डॉक्टरांचा मुलगा. त्याच्याही कागदावर नुसते पट्टे. त्याला सर म्हणाले, "याला म्हणतात धाडस." आणि मला, "अरे, तुझ्याकडे एवढं भोगलेलं आहे सांगायला. हे असले खेळ तुला कशाला?"

वसंता हसला. "मजा आहे यार तुझी. आम्हाला झोपडी बघायला गाव गाठावं लागतं. तुला घरातच मॉडेल!"

आम्ही झोपडीत राहत नव्हतो. रेल्वेची विटांची चाळ होती. आई फरशी रोज पुसायची. डोक्याला हात लावून ती कधी बसली नाही, तिला तेवढी सवडच नव्हती. हे मी तिथे कुणालाच सांगितलं नाही.

वर्गाच्या वार्षिक प्रदर्शनात त्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. मी बाजूला उभा राहून लोकांचे डोळे पाहत होतो. रंगावर एकही नजर थांबत नव्हती. सगळ्या सरळ दारातल्या बाईकडे.

माझ्याबद्दल सांगतात की तिथेच, भर सभेत, मी त्या झोपडीवर रंग फासला. छापूनही आलंय. विचारायला येणाऱ्या पोरांना ते ऐकायला आवडायचं, मीही मान डोलवायचो. असं काही झालं नाही. मी बक्षीस घेतलं आणि सरांच्या पाया पडलो. पुढच्या तीन चित्रांत झोपडी मी स्वतःच्या हाताने काढली. सरांची बघून. कौतुक झालं. आईला न विचारता मी तिला त्या दारात बसवत राहिलो.

मग एका रविवारी सर दोन पाहुणे घेऊन आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हाच तो. काढ रे, तुझी झोपडी काढून दाखव यांना."

दरवेशी अस्वलाशी बोलतो तो आवाज. प्रेमळ.

मी कागद घेतला. राखाडी लावला. तांबडा डाव्या कोपऱ्यापर्यंत नेला, तिथे जागाच ठेवली नाही. पाहुणे वाट बघत उभे.

"झोपडी?" सरांनी विचारलं.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"आम्ही चाळीत राहतो, सर. आणि मी चाळही काढणार नाही."

"एवढं केलं तुझ्यासाठी," सर पाहुण्यांकडे बघत म्हणाले.

मी ब्रश धुतला आणि व्हरांड्याच्या पायऱ्या उतरलो. परत गेलो नाही.

तेव्हापासून कुणी चित्राला छान म्हटलं की मी आधी त्याची नजर कुठे आहे ते बघतो. लोक मला संशयी म्हणतात. आहे मी संशयी. गोड बोलणाऱ्याने माझ्या हातातून ब्रश घेतला होता.

आता माझ्या सगळ्या चित्रांचं प्रदर्शन मांडतायत. ते बक्षिसाचं चित्र दर्शनी भागात लावायचं ठरलंय. मांडणी करणारी मुलगी म्हणाली, "काका, लोकांना तुमची मुळं दिसायला हवीत ना!"

मी म्हणालो, "लाव. नंतरची तीनही लाव. आणि खाली लिही. पहिली झोपडी सरांनी काढली. पुढच्या तीन या चित्रकाराने स्वतः काढल्या, शाबासकीच्या लोभाने."

"काका, ते बरं नाही दिसणार."

"मग माझं एकही चित्र लागणार नाही."

तिला वाटतंय, म्हातारा दोन दिवसांत नरमेल. मी पूर्वी नरमलोय. या वेळी नाही.